मायचं वाढीव वय

एका दुपारीत माझ्या मायचं वय बारा वर्षांनी वाढलं, आणि तिने ते फोनवर सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडलेली दिसणार आहे.

त्याचं असं झालं. एसटीने पंच्याहत्तरी गाठलेल्यांना फुकट प्रवास सुरू केला, आणि त्याच हिवाळ्यात नेकनूरजवळच्या आमच्या गावात आधार दुरुस्तीचं मशीन घेऊन एक माणूस मारुतीच्या पारावर येऊन बसला. पाटीवर लिहिलं होतं फोटो, पत्ता, मोबाइल नंबर. गर्दी मात्र होती ती वय वाढवून घ्यायला. आमच्याकडच्या जुन्या बायकांना जन्मतारीख नसतेच. कुणी पोळ्याच्या आसपास झालेली, कुणी थोरल्या म्हशीच्या वेताच्या वेळी. त्यामुळे वय पडताळून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कुठून तरी एक दाखला जोडायचा, मशीनवर बोटं टेकवायची, की झाली पंच्याहत्तर पूर्ण. शेजारची काकू रांगेत मायच्या पुढे होती, तिचंही झालं. नवं कार्ड आल्यावर दोघी काही काम नसताना बीडला जाऊन आल्या, कंडक्टर खरंच पैसे मागत नाही ना, एवढंच बघायला.

मी तेव्हा आखातात होते, आताही तिथेच असते. मायचा फोन आला तेव्हा कामावर होते. "आता मी तुज्या आज्जीच्या वयाची झाले बग," ती म्हणाली, आणि मी हसले. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला हिंदीत समजावून तिलाही हसवलं.

ही लबाडी आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. पण वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि ते असेपर्यंत माय एकटी कधी एसटीत चढली नव्हती. माहेरी जायचं तरी ते सोडायला जाणार, यायच्या दिवशी आणायला जाणार. माणूस वाईट नव्हता. बायको एकटी हिंडू शकते हे त्यांच्या ध्यानातच कधी आलं नाही. ते गेले, मायचं वय वाढलं आणि ती हिंडायला लागली. दर चतुर्थीला लिंबागणेशच्या गणपतीला. केजला मावशीकडे. कुणाच्या बारशाला, कुणाच्या दहाव्याला. जिला बीडच्या स्टँडवर फलाट सापडायचा नाही ती मला फोनवर गाड्यांच्या वेळा सांगू लागली. पुढे काही महिन्यांनी सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा काकू म्हणाली, उगंच म्हाताऱ्या झालो की गं. मायला तसं काही वाटलं नाही. अर्धं ते अर्धंच, असं तिचं मत होतं.

पंच्याहत्तरीची म्हणून गाडीत चढायचं तर तसं दिसायलाही हवं. चेहरा उन्हाने रापलेला, केस पांढरे, तेवढं जमून गेलं होतं. पण चाल घात करायची. माय पहिल्यापासून तरातरा चालणारी. मग तिने एक रीत बसवली. गाडी फाट्यावर थांबली की डावा हात गुडघ्यावर, कंबर वाकलेली, तोंडाने देवा देवा, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून जरा थांबायचं, म्हणजे वरून कुणीतरी हात देतं. कंडक्टर मशीनमधून शून्याचं तिकीट काढून पुढे सरकला की ती सरळ व्हायची आणि खिडकीबाहेर बघून हसायची. मी एकदा सुट्टीवर आले तेव्हा हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. उतरल्यावर ती इतकी झपाझप निघाली की मलाच धाप लागली.

गेल्या दिवाळीनंतर ती गोठ्यात पडली. दुपारची वेळ होती. शेळीला पाला टाकताना चक्कर आली आणि ती गव्हाणीशेजारी आडवी झाली. दिवेलागणीला शेळी एवढी का ओरडते म्हणून काकूने भिंतीवरून डोकावलं, तेव्हा कुठे कळलं. तोवर माय तिथेच पडून होती, थोडी शुद्धीत, थोडी नाही. त्या आठवड्यात मी तिच्याशी तीनदा बोलले होते, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली होती, बरी हाय. आठव्या दिवशी काकूने परस्पर फोन केला. "तुजी माय सांगत न्हाई म्हनून मी सांगते," ती म्हणाली. "येकटं ठिवू नको बाई तिला आता."

मी एकुलती एक, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी नवसाने झालेली. मायला बघायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. फोन ठेवला त्याच मिनिटाला मी ठरवलं की तिला घेऊन यायचं. मुलगी दहावीला आहे, नवऱ्याची नोकरी तिकडचीच आहे, आणि गावी परत जाण्याचा विषय आम्ही दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत आलो आहोत. तेव्हा मायलाच तिकडे न्यायचं, एवढा एकच रस्ता होता.

आईला तिकडे राहायला न्यायचं तर तिचा तिथला आरोग्य विमा आधी हवा. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. माझ्या नोकरीच्या विम्यात नवरा बसतो, मुलगी बसते, आई बसत नाही. तिचा वेगळा निवडायचा. मला त्यात अवघड काही वाटलं नाही, कारण विमा म्हणजे माझी रोजची भाकरी. तिकडे एका दवाखान्यात मी विम्याच्या टेबलावर बसते. डॉक्टरने तपासणी लिहून दिली की ती रोग्याच्या पॉलिसीत बसते का ते बघायचं, कंपनीकडे मंजुरी मागायची, आली तर शिक्का मारायचा, नाही आली तर समोरच्याला तसं सांगायचं. नकार हसून सांगायचा, हे आम्हाला शिकवलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका माणसाने आईचा विमा काढताना तिचं वय सहा वर्षांनी कमी लावलं होतं. आई दाखल झाली, पासपोर्टची आणि पॉलिसीची तारीख जुळली नाही, कंपनीने हात वर केले. मी त्याला म्हटलं, नियम आहे. तो आमच्या मधल्या काचेवर बोटाने रेघा ओढत उभा राहिला. मला त्याच्या मागच्या रांगेची काळजी होती.

जानेवारीत तीन आठवड्यांची रजा काढून आले. ओसरीवर बाज टाकली आणि फोनवर पॉलिस्या वाचत बसले. माय येता-जाता विचारायची, झालं का गं. मी म्हणायची, होईल.

एक पॉलिसी खरोखर चांगली होती. आधीपासूनची दुखणी ते सहा महिन्यांनंतर धरत होते, म्हणजे मायचं ब्लडप्रेशर, तिची शुगर आणि त्यातून पुढे जे होईल ते सगळं. अट एकच, की घेताना सत्तरी पूर्ण झालेली नसावी. माय सहासष्टची, असं आमच्या घरात धरलेलं होतं. मी नाव भरलं, पत्ता भरला, पासपोर्ट उघडून त्यावरची जन्मतारीख टाकली. लाल अक्षरांत उत्तर आलं की या वयासाठी ही योजना नाही.

वाटलं, बोट चुकलं. पुन्हा टाकली. पुन्हा लाल. मग तारीख नीट वाचली. दीड वर्षापूर्वी तिचा पासपोर्ट मीच आधार कार्डावरून काढून दिला होता, आणि आधारवर माय आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पासपोर्ट आला तेव्हा मी त्यातला तिचा फोटो कौतुकाने पाहिला होता, तारखेकडे बघितलंही नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा तपासणाऱ्या बाईने हे करावं! आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार.

तिकडच्या विमा एजंटला फोन लावला. तो म्हणाला, ऐंशीपर्यंतच्या लोकांसाठी एक योजना आहे, व्हिसाला चालते, फक्त डॉक्टरांचा तपासणी अहवाल जोडावा लागेल. अहवालात जे निघेल ते ती धरत नाही, हेही त्याने सांगितलं. पासपोर्टवर आहे तेच वय लावा मॅडम, तुम्हाला काय सांगायचं, असंही म्हणाला. मला नेमकं तेच सांगायला नको होतं.

मायला घेऊन बीडला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्जावरचं वय वाचलं, मायला नीट तपासलं आणि म्हणाले, अठ्ठ्याहत्तरच्या मानाने आजींची तब्येत चांगलीच ठणठणीत आहे, काय खाता आजी? माय लाजली. तिचं असं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं. त्या खुशीत तिने डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. गोठ्यातली चक्कर, आणि त्याच्या आधीच्या दोन, एक चुलीपुढची आणि एक लिंबागणेशला देवळाच्या पायरीवरची. मला त्या दोन्हींचा पत्ता नव्हता. मी तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावत होते. आपण आपल्या आईला डॉक्टरपुढे आजार लपवायला खुणावतो आहोत, हे ध्यानात आलं तेव्हा माझी मलाच चीड आली आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. डॉक्टरांनी सगळं व्यवस्थित लिहिलं. आणखी दोन तपासण्या सांगितल्या, त्या दुसऱ्या दिवशी केल्या, गोळ्या बदलल्या. मायच्या दृष्टीने काम फत्ते झालं होतं. परत येताना गाडीत तिने शेजारच्या बाईला सांगितलं की डॉक्टर मला ठणठणीत म्हणला. विम्याच्या दृष्टीने मात्र आम्ही हात दाखवून अवलक्षण करून आलो होतो.

अहवाल पाठवल्यावर चौथ्या दिवशी त्या योजनेचा मसुदा आला. ब्लडप्रेशर वगळून. शुगर वगळून. चक्कर, तोल जाणे, पडणे आणि त्यातून उद्भवणारी सर्व प्रकारची इजा वगळून. बाळंतपणही वगळलं होतं, ते वाचून मात्र मला हसू आलं. असली वाक्यं मी रोज लोकांना वाचून दाखवते, त्यामुळे अर्थ विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती. मायला जे होणार होतं तेवढं सोडून बाकी सगळ्याला विमा होता. विंचू चावला तर मिळाला असता. पण आम्ही राहतो पंधराव्या मजल्यावर, तिथे विंचू कुठून आणायचा?

ते कागद व्हिसाला पुरेसे होते. सही केली असती तर माय महिन्या-दोन महिन्यांत माझ्या घरी आली असती, आणि पहिल्यांदा पडली त्या दिवशी मी माझ्याच टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले असते. आमच्यासारख्यांची सगळी पुंजी तिकडच्या दवाखान्यात एका आठवड्यात संपते, हे मी काचेच्या अलीकडून पुष्कळदा पाहिलं आहे. न्यावं तर ही गत. ठेवून जावं तर गोठा आणि गव्हाण. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले, पण मधल्या जागेत पाय ठेवायलाही जागा नसते हे तेव्हा कळलं.

रजेचे सहा दिवस उरले होते. मी तोंड पाडून बसलेली बघून माय म्हणाली, "मी साळंत गेलते की दोन सालं. तितं असंल ना माजं वय लिव्हलेलं."

मला हे माहीतच नव्हतं. मायला अक्षरं जुळवून वाचता येतं, ते वडिलांनी शिकवलं असेल असं मी समजत होते. तिचं माहेर युसूफ वडगाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती दोन वर्षं गेली होती, आणि शाळेत नाव घातलेलं म्हणजे रजिस्टरला जन्मतारीख असणार. शाळेचा उतारा हा खरा पुरावा. तो मिळाला तर आधार दुरुस्त करता येईल, मग पासपोर्ट, मग ती चांगली पॉलिसी. मला इतका हुरूप आला की दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो.

फाट्यावर गाडी आली तशी माय वाकली. मी म्हटलं, निदान आज तरी नको करूस, तुझं वय कमी करायलाच निघालोय आपण. ती म्हणाली, कार्ड तर अजून तेच हाय ना. तिचं म्हणणं चूक नव्हतं. कंडक्टर पुढे गेल्यावर ती सरळ झाली की नाही ते मी पाहिलं नाही. मी पिशवीतले कागद लावत होते.

केजला गाडी बदलून युसूफ वडगावला पोचलो. मुख्याध्यापक बाईंनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. कपाटातून कापडात बांधलेलं जुनं रजिस्टर काढलं आणि आमच्यासमोर एकेक पान उलटत गेल्या. नावं वेगवेगळी, गावं वेगवेगळी, आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख यायची नाही, गुरुजी पोराकडे बघून साल ठरवायचे आणि एक जून ठोकून द्यायचे. माझाही वाढदिवस एक जूनच. तिकडे ऑफिसात त्या दिवशी केक कापतात.

माय सापडली. तिचं माहेरचं नाव, तिच्या बापाचं नाव, इयत्ता दुसरी. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, सतत गैरहजर. मायने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू सगळी वाचून काढली. "गैरहजर कुटं," ती म्हणाली. "धाकट्याला सांबाळायला घरी ठिवलं मला." बाई म्हणाल्या, तसंच लिहायचे आजी तेव्हा. मग त्यांनी बोटांवर साल मोजलं. सहासष्ट नव्हे. माय एकोणसत्तर वर्षांची होती, आणि येत्या एक जूनला तिला सत्तर पूर्ण होणार होती.

आमच्याच घरातला आकडा चुकीचा होता. ती नेहमी सांगायची की बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते, खडी फोडायला गेलतो आमी दोघं. ते मी कधी मोजून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर कधीच कळलं असतं. तरी मी मनात म्हटलं, जूनला अजून वेळ आहे. उतारा घेऊन आम्ही केजला आधारच्या केंद्रात गेलो.

तिथल्या माणसाने कार्ड बघितलं, मशीनवर बघितलं आणि उतारा परत दिला. जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि आजींची एकदा बदललेली आहे. आता मुंबईच्या कार्यालयाला कळवायचं, प्रतिज्ञापत्र करायचं, पहिल्यांदा का बदलली त्याचा खुलासा द्यायचा. त्यानंतर पासपोर्टचं वेगळं. जूनच्या आत होईल का, मी विचारलं. तो सरळ स्वभावाचा माणूस असावा, म्हणाला, पुढच्या वर्षीच्या जूनच्या आत म्हणा मॅडम. खुलासा हा शब्द ऐकून माय घाबरली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, मला धरून नेतील का गं? आता गाडीत बसू का नको?

आणि केजच्या स्टँडवर, माणसांनी भरलेल्या बाकासमोर, माझा तोल सुटला. कशाचा राग होता म्हणाल तर सगळ्याचा. त्या मशीनवाल्याचा, त्या गुरुजींचा, ज्यांनी कधीतरी आपल्या सोयीसाठी एक तारीख लिहिली आणि ती साठ-पासष्ट वर्षांनी माझ्या गळ्यात आली. पण समोर माय होती.

"कावून केलंस असं?" मी म्हटलं. माझी गावची भाषा रागात आपोआप परत येते. "कुनी सांगितलं होतं तुला म्हातारी व्हायला?"

मायने पदर सारखा केला.

"तुला फोन केलता की," ती म्हणाली. "तवा तू हासलीस."

गाडीला वेळ होता. नंतर मी तिला उसाचा रस पाजला आणि तिने मला अर्धा ग्लास ठेवला, एवढंच.

जायच्या आदल्या दिवशी एजंटचा फोन आला. ऐंशीच्या योजनेच्या मसुद्याची मुदत संध्याकाळी संपत होती. सही फोनवरच बोटाने करायची होती. माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि तिला पहिल्यांदा सगळं नीट समजावून सांगितलं, काय धरतात, काय धरत नाहीत. इतके दिवस मी तिच्या जिवाचं ठरवत होते आणि तिला नुसतं होईल होईल म्हणत होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू तितं कामाला कितीला जातीस?" तिने विचारलं.

सातला, मी म्हटलं. जावई सहाला, मुलगी साडेसहाला. संध्याकाळी पाचनंतर एकेक जण परत येतो.

"मंग मी पडले तर बगंल कोन?" ती म्हणाली. "हितं शेळी वरडते, काकू डोकावते. तुज्या पंदराव्या मजल्यावर कोन डोकावंल?"

मी म्हटलं, अगं, त्यासाठी तर विमा बघत होते.

"त्यो दवाखान्यात गेल्यावर ना. आदी उचलाया कुनी पायजे का न्हाई? कागद उचलंल का मला?"

इतक्या वर्षांत त्या टेबलावर बसून हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी एजंटला कळवलं की सही करत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आईला सोडून जायचं ठरलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, याची इतकी लाज वाटली की मी उठून गोठ्यात गेले आणि शेळीला उगाच पाला टाकत राहिले. तिथे गव्हाणीच्या कडेला दगड आहे, पडली तेव्हा मायचं डोकं त्याच्या वीतभर अलीकडे होतं, असं काकूने सांगितलं होतं. मी तो दगड उचलून बाहेर नेऊन टाकला. तीन आठवड्यांत माझ्या हातून झालेलं काम म्हणाल तर तेवढंच.

संध्याकाळी काकूकडे गेले. ती म्हणाली, दुपारच्यालाबी बगत जाईन, तू जा बिनघोर. काकू तरी कितीची, तिच्याही कार्डावर अठ्ठ्याहत्तरच आहे आणि खरं वय तिलाही ठाऊक नाही.

निघताना माय फाट्यापर्यंत आली. येताना ती माझ्या मागे मागे होती. मी बॅग ओढत होते, रस्ता खडबडीत होता, मला वाटलं जाणूनबुजून सावकाश येते आहे, निरोप लांबवायला. गाडी आली. तिने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, पोचलीस की फोन कर, उद्या चतुर्थी हाय, मी लिंबागणेशला असंन. म्हणजे ती गाडीत बसणार होती, धरून नेण्याची भीती तिने झटकून टाकली होती. मला बरं वाटलं.

मी चढले, मागची खिडकी धरून बसले. गाडी हलली तशी माय वळली आणि घराच्या रस्त्याला लागली. डावा हात गुडघ्यावर, कंबर वाकलेली. मला हसू आलं. आता सरळ होईल, मी म्हटलं, आता कुणी बघत नाही. ती बाभळीपर्यंत गेली. तिथे एका हाताने बुंधा धरून थांबली, आणि पुन्हा तशीच वाकून निघाली.

कंडक्टर माझ्या शेजारी उभा होता, कुठं जायचं म्हणून दोनदा विचारत होता. मी मागेच बघत होते.